नवी बॅटरी टाकूनही गाडी कुंथतेय: बॅटरी, चार्जिंग की तिसरंच काही?

वाशिष्ठीकाठ

मंडळी नमस्कार. मुक्काम चिपळूण. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. सकाळी सेल्फ मारला की घ्यँ... घ्यँ... घ्यँ करत कशीबशी उठते. मागच्या वर्षी बॅटरी बदलली. थोडे दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच रडगाणं. बॅटरीवाला म्हणतो, "बॅटरी टकाटक आहे, चार्जिंग बघून घ्या." गॅरेजवाला म्हणतो, "चार्जिंग होतंय, बॅटरीच हलकी दिली तुम्हाला." आणि तिसरा एक म्हणतो, डायनामोच (अल्टरनेटर) नवा टाका. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी आधी घरी आलो.

घरात एक साधा पिवळा मल्टिमीटर पडून आहे. त्याच्यावर नक्की काय, कधी आणि कुठे मोजायचं हे कुणी नीट सांगेल का? बॅटरीच्या डोक्यावरचा तो डोळा हिरवा दिसतो, म्हणजे बॅटरी ठीक ना?

खटपट्या

डोळ्यावर जाऊ नका. बॅटरीत सहा सेल असतात आणि तो डोळा त्यातल्या एकाच सेलमधल्या ॲसिडची घनता बघून रंग दाखवतो. बाकीच्या पाचांचं काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं.

मीटर डीसी २० वर ठेवा. लाल प्रोब पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. प्रोब शिशाच्या खुंटीवर टेकवा, त्याभोवतीच्या क्लॅम्पवर नको. दोघांमधला सांधा खराब असेल तर क्लॅम्पवर बॅटरीचा खरा आकडा येत नाही.

पहिलं माप सकाळी, गाडीला हात लावायच्या आधी. रात्रभर उभी राहिलेली गाडीच हवी. आत्ताच फिरून आलात तर बॅटरी खोटा आकडा दाखवते, वरवरचा चार्ज असतो तो. १२.६ च्या पुढे म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. १०.५ च्या आसपास अडकून बसली आणि चार्ज करूनही वर येत नसेल तर एक सेल गेला असं धरा, दुकानाची वाट.

दुसरं माप सेल्फ मारताना. घरातल्या कुणाला तरी चावी फिरवायला बसवा आणि तुम्ही मीटरकडे बघा. आकडा खाली आपटतो. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही. चांगली बॅटरी आपल्या हवेत १० च्या वर राहते.

तिसरं गाडी चालू झाल्यावर. १३.८ ते १४.५ यायला हवेत. मग हेडलाइट, एसी, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा आणि थोडी रेस द्या. आकडा जरासा उतरेल, पण १३.५ च्या खाली जाऊ नये. उलट १५ च्या वर गेला तर कटआउट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, गेलाय. तशी गाडी चालवू नका, बॅटरी उकळते.

जमल्यास गाडी चालू असताना मीटर एसी व्होल्टवर टाकूनही बघा. डायनामोतला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला असेल तर डीसीमध्ये एसीची भेसळ येते. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसली तर शंका घ्यायची.

सदाशिवपेठी

एवढा खटाटोप कशाला? गाडी चालू करायची, निगेटिव्ह केबल काढायची. बंद पडली तर डायनामो गेला, चालू राहिली तर बॅटरी गेली. आमचे फिटर वर्षानुवर्षं हेच करतात. दहा सेकंदांत निकाल.

गॅरेजआप्पा

सदाशिवपेठी, हात जोडतो, हे कुणाला सांगू नका.

मी या धंद्यात जुना. अँबेसिडर-फियाटच्या जमान्यात हे आम्हीही करत होतो, कारण गाडीत जळायला काही नव्हतंच. पॉइंट, कॉइल आणि दिवे. आताच्या गाडीत ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आहे, एअरबॅगचा डबा आहे, एबीएस आहे, स्टिअरिंगची मोटर विजेवर आहे. चालू डायनामोच्या तोंडून बॅटरी काढली की त्याचं चढलेलं व्होल्टेज क्षणभर कुठच्या कुठे जातं, चौदाच्या कित्येक पट. ते झेलायला बॅटरी नसते, मग जे सापडेल त्याच्यावर जातं. कधी काही होत नाही, कधी डायनामोचेच डायोड उडतात आणि कधी ईसीएम. वर निकालही खोटा. अर्धवट आजारी डायनामोसुद्धा आयडलला इंजिन चालू ठेवण्याइतका करंट देतो.

वाशिष्ठीकाठ, खटपट्यांनी सांगितलेली मापं घ्या आणि टाका इथे. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो का आणि गाडी चालू झाली की विझतो का, तेही सांगा. काही गाड्यांत त्या दिव्याच्या वायरीतूनच डायनामोला जाग येते. दिवाच लागत नसेल तर गोष्ट वेगळी.

वऱ्हाडी_ठेचा

चंद्रपूरहून. आमच्याकडे तर भाऊ उन्हाळा बॅटरी खाते. मे महिन्यात बोनेटखाली हात लावता येत नाही, पाणी भराभर उडतं, आतल्या प्लेटा सडतात. थंडीत फक्त बातमी कळते की बॅटरी मेली, मरते ती मेमध्येच.

एक शंका. माझ्या गाडीत थंडीत सकाळी १४.४ दिसतात आणि मे महिन्यात लांबून आलो की १३.७. कटआउट बिघडला का?

खटपट्या

नाही, शहाणा आहे तुमचा कटआउट. गरम बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं, नाहीतर ती गॅस सोडायला लागते. म्हणून रेग्युलेटर तापमान वाढेल तसा हात आखडता घेतो, साधारण दर अंशाला वीसेक मिलिव्होल्ट. तीस अंशांचा फरक धरा, अर्धा-पाऊण व्होल्ट तिथेच गेला. तुमच्याकडे मे महिन्यात १३.७ अगदी रास्त.

बॅटरीला झाकणं असतील तर उन्हाळ्यात पाण्याची पातळी बघत जा. डिस्टिल्ड वॉटरच. नळाचं नाही, आणि "जरा ॲसिड टाकून देतो" म्हणणाऱ्याला तर बॅटरीजवळ येऊ देऊ नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

मृण्मयी_क

अवांतर होतंय का माहीत नाही, पण विचारूनच टाकते. माझी गाडी स्मार्ट हायब्रिड आहे. ओबीडीचा डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलला देणारा) लावून मोबाइलवर बघते तर चालत्या गाडीत कधी १२.६, कधी १४.८. सिग्नलला थांबताना एकदम वर जातं. वरचं वाचून पोटात गोळा आलाय.

खटपट्या

अवांतर नाही ताई, उलट बरं झालं विचारलंत. वरचे आकडे साध्या डायनामोचे आहेत. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये एसएचव्हीएस, म्हणजे हेच स्मार्ट हायब्रिड, आणलं, नंतर अर्टिगा वगैरेत आलं. त्यात डायनामो सतत सारखं चार्जिंग करत नाही. तुम्ही रेस देता तेव्हा इंजिनवरचा भार कमी करायला तो हात काढून घेतो आणि ब्रेक लावता किंवा ॲक्सिलरेटर सोडता तेव्हा फुकटातली ताकद वापरून जोरात भरतो. म्हणून आकडा वरखाली होतो. अशा गाडीत एका क्षणाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. रात्रभर उभ्या गाडीचं माप आणि लाल दिवा, एवढ्यावर लक्ष ठेवा.

रच्याकने, डोंगल गाडी बंद केल्यावर काढून ठेवा. तोही थोडा थोडा करंट पीत बसतो.

वाशिष्ठीकाठ

घ्या मंडळी, मापं. चावी फिरवायला सौ. होती, त्यामुळे श्रेय अर्धं तिचं.

सकाळी उभी गाडी: १२.२८
सेल्फ मारताना: १०.९
चालू, सगळं बंद: १३.८
चालू, दिवे, एसी, ब्लोअर फुल, रेस देऊन: १३.२
एसी व्होल्टवर: ३० (!!)

लाल दिवा चावीला लागतो, चालू झाल्यावर विझतो. ते ३० व्होल्ट बघून मीटर खाली ठेवला आणि चहा घेतला. डायनामो गेला ना?

खटपट्या

ते ३० विसरा. प्रोब उलट करून बघा, शून्य येईल. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरमध्ये एसी मोजायला एक डायोड टाकलेला असतो आणि डीसी अडवायला कपॅसिटर नसतो. त्यामुळे एसी रेंजला डीसी दिला की तो दुपटीहून थोडा जास्त आकडा दाखवतो. मघाशी मीटर कुठला आहे ते वाचूनही मी ती चाचणी सुचवली, पण या मीटरवर ती होणार नाही.

१३.२ मात्र कमी आहे. डायनामोचे कार्बन ब्रश झिजले असतील किंवा बेल्ट घसरत असेल. पावसाळ्यात गाडी चालू केल्यावर बेल्ट किंचाळतो का?

गॅरेजआप्पा

थांबा, डायनामोवर एवढ्यात जाऊ नका. मला त्या यादीतला दुसरा आकडा खटकतोय.

सेल्फ मारताना १०.९. हा आकडा चांगला आहे, अर्ध्या उतरलेल्या बॅटरीसाठी तर फारच चांगला. बॅटरी म्हणतेय, मी तयार आहे. मग सेल्फ कुंथतो का? बॅटरी बसलेली असती तर आकडा नऊ-साडेनऊवर आपटला असता आणि सेल्फ कुंथला असता. इथे बॅटरीवर व्होल्ट आहेत आणि सेल्फपर्यंत पोचत नाहीत. सेल्फ स्वतः जॅम असता तर त्याने जास्त करंट ओढून बॅटरीला खाली खेचलं असतं, तेही दिसत नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा आहे. पाइप अर्धा चोंदला की टाकीत पाणी असून नळाला धार बारीक, तसं.

आणि वाट बहुतेक तीच आहे जिच्यातून चार्जिंगचा करंट उलट येतो. म्हणून १३.२.

आता असं करा. गाडी चालू, सगळा लोड लावलेला. मीटर डीसीवरच.
एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी डायनामोच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर. ०.२ च्या आत पाहिजे.
मग एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी डायनामोच्या उघड्या धातूवर. इथेही ०.२ च्या आत.

बाही दुमडून घ्या, बेल्टपासून लांब. तो मागचा बोल्ट गाडी बंद असतानाही जिवंत असतो, पान्याने बॉडीला टेकवलात तर वेल्डिंग होईल.

एक विचारतो. चिपळूणची गाडी म्हणता. २०२१ च्या जुलैत ती कुठे होती?

वाशिष्ठीकाठ

आप्पा, तुम्ही नेमकं धरलंत. पुरात होती. वरच्या अंगाला लावली होती म्हणून वाचली, पण चाकं पूर्ण बुडाली होती. इंजिनात पाणी गेलं नव्हतं. सीट, कार्पेट सगळं काढून वाळवलं, ब्रेकचं काम केलं. विजेचं काही बघितलं नव्हतं, कारण सगळं चालत होतं.

मापं:
पॉझिटिव्ह बाजू: ०.०४
निगेटिव्ह बाजू: ०.८४

आणि थेट डायनामोवर, म्हणजे मागचा बोल्ट ते त्याचा धातू: १४.१.

खटपट्या

१३.२ अधिक ०.०४ अधिक ०.८४, झाले १४.०८. हिशोब पैशाला पैसा जुळला. डायनामो बिचारा चौदा देतोय, त्यातला पाऊण व्होल्टहून जास्त अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी-इंजिनपर्यंतची वाट, खातेय. आप्पा, मानलं.

गॅरेजआप्पा

आता खात्री करायची सोपी युक्ती. जंपर केबल असेल तर गाडी बंद असताना तिची काळी वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. बाकी काही जोडू नका. केबल बेल्ट-पंख्यात येत नाही ना ते बघा आणि सेल्फ मारा.

वाशिष्ठीकाठ

एका फटक्यात उठली!! सौ. आतून ओरडली, "काय केलंत?"

सदाशिवपेठी

आमची दहा सेकंदांची चाचणी इथे नापास झाली हे मान्य. पण मग बॅटरी बदलल्यावर थोडे दिवस बरी का चालली?

गॅरेजआप्पा

नवी बॅटरी दुकानातून भरून आली. भरलेल्या बॅटरीने चोंदलेल्या वाटेतूनही सेल्फला पुरेसा रेटा दिला. पुढे डायनामो तिला पूर्ण भरू शकला नाही, कारण परतीची वाट तीच. ती हळूहळू १२.२ वर येऊन बसली आणि कुंथणं सुरू झालं. जुनी बॅटरीही अशीच गेली असणार. अर्धपोटी बॅटरी महिनोन्महिने ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती पूर्ण चार्ज घेत नाही. ही दुसरीसुद्धा त्याच रस्त्याला लागली होती.

बॅटरीचा ट्रे काढा. निगेटिव्ह केबल कुठे जाते बघा. बऱ्याच गाड्यांत ती आधी बॉडीला आणि मग बॉडी किंवा ट्रेजवळून गिअरबॉक्सला एक वेगळी पट्टी असते. ती चाकाच्या उंचीला येते, पुराचं पाणी तिथे हमखास पोचतं.

अर्थिंग असं पूर्ण गेलं तर करंट क्लचच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. त्या केबली आतून जळून जाम झालेल्या मी काढल्या आहेत. गिऱ्हाईक केबल बदलत राहतो आणि ती पुन्हा पुन्हा जाते.

टोरांटोकर

वाचतोय, मजा येतेय. इकडच्या हिवाळ्यात अशी गाडी पहिल्याच सकाळी दारात उभी राहिली असती. आमच्याकडे बॅटरी घेताना सगळे सीसीए बघतात, म्हणजे उणे १८ अंशांना तीस सेकंद किती अँपिअर देऊ शकते तो आकडा. भारतात असताना मी तो कधी बघितला नव्हता, फक्त वॉरंटीचे महिने मोजायचो.

वाशिष्ठीकाठ

काम फत्ते. ट्रे काढल्यावर गिअरबॉक्सला जाणारी पट्टी दिसली. वरून ठीकठाक. लग (टोकाचं बोल्टात अडकणारं धातूचं कडं) थोडा हिरवट, एवढंच. पण लगच्या मागे बोटाने दाबलं तर आवरणाखाली मऊ लागलं. चिरून बघितलं तर आत तांब्याचा हिरवा-काळा चुरा, त्यात वाळलेला गाळ आणि जेमतेम सात-आठ तारा शाबूत. एवढ्यावर सेल्फ चालत होता!

ऑटो इलेक्ट्रिशियनकडून त्याच जाडीची नवी पट्टी दाबलेल्या लगांसकट करून घेतली. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकाचक केली, टर्मिनल गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुतले, वर पेट्रोलियम जेली. सगळं मिळून तीनशे रुपये. मग बॅटरी काढून चार्जरवर साडेतीन अँपिअरने रात्रभर लावली.

नवी मापं:
उभी गाडी: १२.६६
सेल्फ मारताना: १०.४
चालू, लोड नाही: १४.१
चालू, सगळा लोड: १३.९५
निगेटिव्ह बाजूचा फरक: ०.०५

सेल्फ असा फिरतो की शेजारी विचारतात गाडी बदलली का. पण एक कळलं नाही. आधी सेल्फ मारताना १०.९ होते, आता १०.४. उतरले? बॅटरी खराब होतेय का?

गॅरेजआप्पा

उतरायलाच हवेत. आधी सेल्फला करंट पोचतच नव्हता, म्हणून बॅटरीला कष्ट नव्हते. आता तो हक्काचा करंट ओढतोय, बॅटरी खरंच काम करतेय, म्हणून आकडा खाली. ९.६ पासून भरपूर वर आहात, निश्चिंत राहा.

मृण्मयी_क

वाचनखूण साठवली. हे मला कुणी गॅरेजमध्ये सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता, की आकडा सुधारला म्हणजे कमी झाला.

खटपट्या

एक राहिलं. गाडी बंद असताना कुणी चोरून पितंय का तेही बघून टाका. लाल प्रोब मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात लावा, निगेटिव्ह केबल सैल करा आणि मीटर केबल व खुंटीच्या मधे घ्या. दार उघडं ठेवणार असाल तर त्याच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. अर्धा तास थांबा, आतले डबे झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवेत. मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका, फ्यूज नाहीतर मीटरच जाईल.

वाशिष्ठीकाठ

१८० आले. एकेक फ्यूज काढत गेलो. डॅशकॅमचा काढला आणि ३० वर आले. पार्किंग मोडमध्ये तो रात्रभर जागा असतो.

खटपट्या

१८० म्हणजे दिवसाला सव्वाचार अँपिअर-अवर. ३५ ची बॅटरी चार दिवसांत अर्ध्यावर. रोज लांब फिरत असाल तर चालून जाईल, पण गणपतीत गाडी दारात उभी राहिली की विसर्जनाला धक्का मारावा लागेल. ३० वर अर्ध्यावर यायला तीन आठवड्यांहून जास्त लागतील.

वाशिष्ठीकाठ

धन्स. कॅमेऱ्याची वायर चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर टाकून घेतो. दारात तसंही काय टिपणार तो, शेजाऱ्यांची मांजरं. आणि आप्पा, ट्रे उघडलाच आहे तर बॅटरीपासून बॉडीला जाणारी केबलही बदलून घेऊ का? फरक ०.०३ च दाखवतेय.

गॅरेजआप्पा

०.०३ ला हात लावू नका. पण तीही त्याच पाण्यात होती. दर पावसाळ्यानंतर एकदा मोजा, ०.२ कडे सरकली की बदला.